वीस हजार लिटर वीज

दिवस बुडून पाव तास झाला होता आणि भिमाआत्याच्या सोलर पंपाच्या पेटीवर हिरवा दिवा जळत होता.

यात एवढं काय, असं ज्याला वाटतं त्यानं कधी सोलर पंप चालवलेला नाही. ऊन गेलं की ती पेटी मरते. सकाळी प्लेटांवर ऊन चढेपर्यंत तिला कुणाचा बाप उठवू शकत नाही. आणि इथं प्लेटा गार पडलेल्या, झाडं काळी दिसायला लागलेली, आणि पेटी टक्क जागी. विहिरीच्या काठावरची मोटार गुंगुं करत फिरत होती. फिरत होती तीही उलटी.

"आत्या, मोटार कुणी चालू केली गं?"

"ऊन न्हाय, काय न्हाय, कोन चालू करतंय?" आत्या गवताचा भारा टाकून आली. तिनं विहिरीत वाकून बघितलं. "फुटबॉल गळाला वाटतं. वरचं पाणी माघारी चाललंय. धाव, व्हॉल बंद कर. उलटी फिरली की मोटार जळती!"

विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या बुडाला एक झडप असते. पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. तिचं नाव फूटवॉल्व्ह. आमच्याकडं सगळे तिला फुटबॉल म्हणतात. त्या फुटबॉलमध्ये बाभळीची काटकी अडकली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. झडप मिटलीच नाही. टेकडीवरच्या टाकीत दिवसभर चढवलेलं पाणी त्याच पाइपातून, त्याच पंपातून परत विहिरीत पडत होतं आणि जाता जाता मोटारीला उलटी फिरवत होतं.

"श्रावस्ते! कानात बोळं घातलेत का? व्हॉल!"

"आत्या, हात लावू नको. लावलास तर माझी शपथ."

मी त्या हिरव्या दिव्यासमोर उकिडवी बसले. मी आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेली मुलगी आहे. नळदुर्गच्या हायवेवर ईरण्णाच्या दुकानात पाच वर्षं ट्रकांचं वायरिंग करते. तारेच्या वेटोळ्यात चुंबक फिरवला की तारेत वीज येते, हे मी पेपरात लिहून दहापैकी नऊ मार्क घेतले होते. सोलरच्या मोटारीच्या पोटात चुंबकच असतो. म्हणजे ही मोटार जळत नव्हती. ही मोटार वीज करत होती.

"आत्या," मी म्हणाले, "तुझी टाकी बॅटरी हाय."

"तुझ्या आईला सांगते," आत्या म्हणाली, "पोरीचं डोस्कं फिरलं म्हणून."

*

आमची वस्ती गावापासून अर्धा किलोमीटर, ओढ्याच्या पलीकडं, टेकडीच्या अंगाला. एकतीस घरं. सगळी बौद्ध. गावात चोवीस तास लाईट असते, कारण गावाची लाईन वेगळी. आमच्यापर्यंत खांब टाकायची वेळ आली तेव्हा कुणीतरी खर्च वाचवला आणि आम्हाला शेतीच्या लाईनवर जोडून टाकलं. म्हणजे आम्ही माणसं नाही, विहिरीवरच्या मोटारी आहोत. आठ तास लाईट. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री बारानंतर. पोरं अभ्यास करतात त्या वेळेला लाईट कधीच नाही. पंचवीस अर्ज दिलेत. ते मोजायचंही आता सोडलंय.

आणि मान वर केली की काय दिसतं? पवनचक्क्या. आमच्याच टेकड्यांच्या रांगेवर एकवीस उभ्या आहेत. रात्रंदिवस वारा कातून वीज काढतात आणि ती वीज तारेवरनं आमच्या डोक्यावरून शहरात जाते. चक्क्यांच्या पंख्यांची सावली मात्र आमच्या अंगणात रोज सकाळी फुकट फिरते.

आता टाकी. टेकडीवर वस्तीसाठी म्हणून एक बैठी टाकी बांधलेली आहे, वीस हजार लिटरची. तिचं उद्घाटन दोनदा झालं. पाणी एकदाही आलं नाही, कारण जिथून यायचं त्या बोअरला पाणीच लागलं नाही. बारा वर्षं टाकीत कबुतरं राहिली. गेल्या साली भिमाआत्याला तिच्या दीड एकरासाठी सोलर पंप मिळाला. आत्यानं कुणाला न विचारता काळा पाइप टाकून पाणी टाकीत चढवलं आणि टेकडीच्या उतारावरचा आपला कांदा भिजवायला लागली. "कबुतरांनी इचारलं व्हतं का?" असं ती म्हणायची.

हे कुणाला खुपलं नव्हतं. पण मग नवीन पाच चक्क्यांसाठी रस्ता पाहिजे झाला. चक्कीचं एक पातं म्हणजे दोन एसटी एकापुढं एक लावल्या तरी पुरणार नाहीत एवढं लांब. ते घेऊन येणारा ट्रेलर टेकडीवर वळवायचा तर वळण मोठं लागतं, आणि नेमकं त्या वळणात आमची टाकी. सरपंच आण्णासाहेबांनी पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लावली : सदर टाकी सार्वजनिक वापरात नसल्याने निर्लेखित करणेबाबत स्थळपाहणी.

निर्लेखित. म्हणजे लिहिलेलं खोडायचं. आमच्यासाठी हा प्रकार जुनाच होता. कागदावर तेवढा पहिल्यांदा दिसला.

मी पंचायतीत जाऊन विचारलं, "आण्णा, टाकी वापरात हाय की. आत्या पाणी भरती."

आण्णासाहेब चांगलं बोलतात. चांगलं बोलूनच मारतात. "बस, चहा घे. अगं बाई, भिमाबाईचा कांदा म्हंजे सार्वजनिक वापर का? त्यो खाजगी झाला. उलट अतिक्रमण धरलं तर भिमाबाई गोत्यात यील. म्याच गप हाय म्हणून बरं हाय."

पाहणी बारा दिवसांनी होती. आणि तिसऱ्याच दिवशी फुटबॉलमध्ये काटकी अडकली.

*

दुसऱ्या दिवशी मी ईरण्णाकडून डायोडचा एक ठोकळा आणला. मोटारीतून येणारी वीज लाटांसारखी उलटसुलट येते, हा ठोकळा तिला एका दिशेला लावतो. ईरण्णा म्हणाला, "कुठल्या गाडीला?" मी म्हटलं, "टेकडीला." त्यानं ठोकळ्यासोबत जुना पंखाही दिला. "चालला तर सांग, न्हाय चालला तर सांगू नको," म्हणाला.

फुटबॉलच्या झडपेला मी नायलॉनची दोरी बांधली. दोरी ओढून खुंटीला अडकवली की झडप उघडी राहणार. सोडली की पंप पहिल्यासारखा. संध्याकाळी मोटारीच्या तीन तारा पेटीतून काढून ठोकळ्याला जोडल्या, पुढं एक जुना, आत तार असलेला काचेचा बल्ब लावला, दोरी ओढली आणि पाइपावरचा व्हॉल फिरवला.

मोटारीनं आधी घशात खाकरल्यासारखं केलं. मग गरगर. बल्ब लाल झाला, पिवळा झाला, पांढरा झाला. मी ओरडले. आत्या ओरडली. बल्ब आणखी पांढरा झाला, एवढा की बघवेना, आणि फट्! काच विहिरीत.

मागं आबाराव उभे होते. वस्तीतलं सगळ्यात थोरलं माणूस. त्यांनी काठीनं काच बाजूला सारली. "झाली का दिवाळी?"

"आबा, लागला व्हता! बघितलात न्हवं?"

"बघितला. लागला आन् मेला. आपल्या वस्तीत लाईटचं असंच असतंय, त्यात नवीन काय केलंस?"

मी रात्रभर डोकं खाजवलं नाही, कारण उत्तर मला चुलीपाशीच मिळालं. आई भाकरी थापताना म्हणाली, "एकट्या बैलाला मोकळं सोडलं तर त्यो पळणारच. मागं नांगुर पायजे." तिला वाटलं मी ईरण्णाच्या ट्रकाबद्दल बोलतेय. पण बरोबर तेच झालं होतं. पाण्याचा जोर एवढा आणि ओढायला बल्ब एकच. मोटारीला ओझं नाही, म्हणून ती सुसाट सुटते. सुटली की वीज चढते, आणि चढली की बल्ब फुटतो. तिला एकतीस घरांचं ओझं पाहिजे. एकतीस बल्ब एका वेळी. एक कमी नाही. दहा-बारा जणांनी बंद केले तर उरलेल्यांचे फुटणार.

याचा अर्थ कळतोय का? ही अशी वीज होती जी एकट्या माणसाला वापरताच येत नाही. सरपंचाच्या पोरानं पैसे मोजून एकट्यासाठी घेतली असती तर त्याचा बंगला जळाला असता. ही फक्त वस्तीचीच होऊ शकत होती. मी उड्या मारत होते. आई म्हणाली, "तव्यावर पडशील."

पुढचे सात दिवस मी, आत्या आणि वस्तीतल्या बाया तारा ओढत होतो. ईरण्णाच्या दुकानातले वायरचे तुकडे, लग्नाच्या मांडवाची जुनी वायर, एका घरातनं तर टेपरेकॉर्डरची निघाली. प्रत्येक घरात एक बल्ब. विहारात पोरं अभ्यासाला बसतात तिथं ईरण्णाचा पंखा लावायचा होता, पण मी तो राखून ठेवला. भांडण झालं ते खटक्यावरून.

मी सांगितलं, "खटका बसवणार न्हाय. पाणी सोडलं की सगळे दिवे लागतील, संपलं की जातील."

आत्या कमरेवर हात देऊन उभी राहिली. "खटका नसलेला दिवा म्हंजे सडकेवरचा दिवा. माझ्या घरात माझा खटका पायजे. आजपातुर कुनी इचारून लाईट दिली न्हाय, कुनी इचारून नेली न्हाय. आता घरची लाईट, आन् तिलाबी आमी हात लावायचा न्हाय व्हय?"

मी एकतीस खटके बसवले. बसवताना दारोदार एकच गोष्ट घोकून घेतली : खटका तुमचा हाय, पण पाणी चालू असताना बंद करायचा न्हाय.

"मंग त्यो कशाला हाय?" एका म्हातारीनं विचारलं.

"मनाच्या समाधानाला," आत्या म्हणाली.

खरं तर मला काळजी नव्हती. आमच्या वस्तीत कुणी खटका बंद करतच नाही. लाईट कधी येणार त्याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक घरात एक बल्ब कायम चालू ठेवलेला असतो. लागला की कळतं, आली. मग उठायचं, मोबाइल लावायचे, दळण काढायचं. खटका चालू ठेवून वाट बघणं आमच्या हाडात आहे.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी व्हॉल सोडला. एकतीस बल्ब लागले. पोरं "लाईट आली! लाईट आली!" करत विहाराभोवती पळाली. आणि तो उजेड हललासुद्धा नाही. मी घड्याळ लावून बसले होते. तीन तास दहा मिनिटं! सकाळी ऊन आलं, पंप सुरू झाला, विहिरीत पडलेलं तेच पाणी पुन्हा वर निघालं. थेंब खर्च नाही. तेच पाणी रोज दिवसा उन्हाच्या खांद्यावर बसून वर जाणार आणि संध्याकाळी आमच्यासाठी खाली उतरणार.

*

पाहणीला पंचायत समितीच्या इंजिनिअर मॅडम आल्या. सोबत आण्णासाहेब आणि कारकून सोमलिंग. सोमलिंग मुरुम गावचा, अक्षर मोत्यासारखं आणि चेहरा कायम उपास असल्यासारखा. चार वाजताची वेळ दिलेली, साडेपाच वाजले. ते माझ्या पथ्यावरच पडलं, उजेड उतरला होता. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची, म्हणजे खांबावरच्या तारा मेलेल्या. जे काही लागेल ते आमचंच.

आण्णासाहेब म्हणाले, "मॅडम, वर टाकी बघितली, पाणी हाय, पण ते ह्या भिमाबाईच्या कांद्याचं. सार्वजनिक वापर शून्य. सोमलिंग, लिहून घ्या."

"थांबा," मी म्हणाले. "मॅडम, दहा मिनिटं द्या. ह्या टाकीवर एकतीस घरांची लाईट चालती."

मॅडमनी भुवया चढवल्या. "पाण्याच्या टाकीवर लाईट?"

"पोरगी हुशार हाय," आण्णासाहेब हसले, "ट्रकाचे हॉर्न दुरुस्त करती."

विहिरीजवळच्या बाभळीला मी दाखवायला म्हणून एक बल्ब टांगला होता. दोरी ओढली, खुंटीला अडकवली, व्हॉल सोडला. मोटार फिरली. बल्ब लागला. मॅडम एक पाऊल पुढं आल्या. "अरे!"

आणि मला ऐकू आलं. मोटार गुंगुं करत नव्हती. शीळ घालत होती. बारीक, चढत जाणारी शीळ, चाक अडवणारी खुंटी निसटल्यावर रहाट सुटतो तशी. मी वस्तीकडं बघितलं. एकही दिवा नाही. एकतीस घरं काळी.

फट्!

बल्ब फुटला. मॅडम दचकून मागं सरकल्या. सोमलिंगच्या हातातली पाटी खाली पडली.

"झाली लाईट," आण्णासाहेब म्हणाले. आता त्यांचं हसणं मावत नव्हतं. "मॅडम, कुणाच्या डोळ्यात काच गेली असती म्हंजे? हे असले धोकादायक प्रकार चालतात, म्हणूनच म्या म्हणतो पाडून टाका. सोमलिंग, लिहा. निरुपयोगी, आणि धोकादायक."

मी व्हॉल गच्च बंद केला. तार तुटली का? नाही. तुटली असती तर एका बाजूचे तरी लागले असते. मग काय? एकतीस घरांनी एकदम—

"मॅडम, पाच मिनिटं. फक्त पाच. तुम्ही गाडीत बसेपर्यंत."

उत्तर ऐकायला मी थांबले नाही. ओढा एका उडीत. चढ. पहिलंच घर आबारावांचं. दारात आबाराव उभे, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा.

"आबा! दिवे का न्हाईत? खटके कुणी बंद केले?"

"म्या," आबाराव म्हणाले. छाती पुढं काढून म्हणाले. "म्या घरोघर फिरून बंद करून आलो. तुझ्याच भल्यासाठी."

"आबा!"

"तुला काय म्हाईत, पोरी? साहेब लोक आलेत. खांबावर लाईट न्हाय आन् म्हारवाड्यात एकतीस दिवे जळताना दिसले, तर काय म्हणतील? आकडा टाकलाय म्हणतील. चोरीची लाईट म्हणतील."

मला एकदम सगळं आठवलं. मी पाच वर्षांची होते. वीजचोरी पकडायला पथक आलं होतं. आबारावांच्या घरावर आकडा सापडला, आणि गावातल्याच लोकांनी ती वायर त्यांच्या गळ्यात घालून त्यांना चावडीसमोर उभं केलं होतं. दुपारभर. त्याच लाईनवर मळेवाल्यांचे सात आकडे लोंबत होते. ते कुणाला दिसले नाहीत. तेव्हापासून हा माणूस साहेबाची गाडी दिसली की घरातला दिवा विझवतो. लोकांच्या लाईटला भिणं समजू शकते. पण आमची वीज, आमचं पाणी, आत्याची मोटार, आणि आम्हीच चोरासारखे विझवून बसलो!

मला रडू यायला पाहिजे होतं. आला तो संताप.

"आबा, माझ्याकडं बघा. ह्या लाईटला खांब हाय का? तार कुठनं आलीय? आपल्या हिरीतनं. कुणाची हाय मंग?"

आबारावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्ही घरोघर जाऊन बंद करायला सांगितलं तर सगळ्यांनी केली. बारा वेळा सांगून मला तेवढं जमलं नसतं. तुमचं ऐकतात लोक. आता तुम्हीच सांगा. पाच मिनिटं हाईत. न्हायतर उद्या टाकी पाडतील, आन् आपणच पाडली म्हणतील."

आबारावांनी टाकीकडं बघितलं. मग खाली, विहिरीपाशी उभ्या असलेल्या गाडीकडं. मग त्यांनी आत हात घालून स्वतःचा खटका दाबला. काही लागलं नाही, व्हॉल बंद होता. पण त्यांनी काठी उचलली आणि असा आवाज काढला, जो मी जन्मात त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"ए! दाबा रे खटके! समदे दाबा! आकडा न्हाय, घरची हाय! ए गिरिजाबाय, काय बघती, दाब! आपल्या बापाची लाईट हाय, दाबा!"

ते पळत होते. सत्तरी गाठलेला माणूस काठी हवेत धरून पळत होता आणि दारोदार काठी आपटत होता. घरांतून आवाज यायला लागले. "दाबला!" "दाबला, आबा!" "ह्येबी दाबला!" मी मोजत होते. सत्तावीस, अठ्ठावीस. विहाराचा पंखा आठवला, तोही मी धावत जाऊन जोडला, ओझं जेवढं तेवढं बरं. तीस. एकतिसावं कुणाचं? आत्याचं! आत्या तर खाली विहिरीवर. मी तिच्या घरात शिरून खटक्यावर मूठच मारली आणि अंगणात येऊन बोंबलले,

"आत्याऽऽ! सोड!"

खाली आत्या वाकलेली दिसली. गाडीचं दार उघडं होतं, मॅडमचा एक पाय आत होता. आत्या व्हॉल फिरवत होती.

एक क्षण काहीच नाही. मग घराघरातनं लालसर, मग पिवळं, मग लखलखीत पांढरं. एकतीस. टेकडीच्या अंगावर कुणीतरी मूठभर चांदण्या फेकून मारल्यासारखे. विहारात पंख्यानं एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. पोरं किंचाळली, "लाईट आलीऽऽ!"

"आली न्हाय!" आबाराव ओरडले, काठीवर दोन्ही हात टेकून धापा टाकत. "आली न्हाय रं, सोडली! आपुन सोडली!"

*

मी खाली पोचले तेव्हा मॅडम मोटारीपाशी उकिडव्या बसल्या होत्या, साडीचा पदर कमरेला खोचून. कान मोटारीला लावलेला. गुंगुं. संथ, जड, ओझ्याच्या बैलासारखी.

"मघाशी का फुटला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मोटार, ओझं, खटके. आबारावांचं आकड्याचंही सांगितलं. ते सांगताना मी आण्णासाहेबांकडं बघितलं. त्यांनी विहिरीत काहीतरी पडल्यासारखं वाकून बघितलं.

मॅडम उठल्या. "किती वेळ चालते?"

"तीन तास दहा मिनिटं. भरलेल्या टाकीवर."

"सोमलिंग, लिहा. सार्वजनिक वापरात आहे. एकतीस घरं आणि एक विहार. पाडता येणार नाही. आणि बाई, तुम्ही," माझ्याकडं वळून, "इथं जाळीचं झाकण करा आणि काहीतरी फ्यूज बसवा. काच माझ्या डोळ्यात गेली असती."

"करते. ओझं गेलं तर आपोआप व्हॉल बंद व्हावा असं करायचंय, मला अजून जमलं न्हाय."

"जमलं की मला दाखवा," मॅडम म्हणाल्या. गंमत म्हणून म्हणाल्या नाहीत.

आण्णासाहेबांनी घसा साफ केला. "मॅडम, पण रस्त्याचं…"

"रस्ता टाकीला वळसा घालून न्यायला सांगा. पातं त्यांचं लांब आहे, टाकी काय करणार?"

सोमलिंग गाडीच्या बॉनेटवर पाटी ठेवून लिहीत होता. मध्येच थांबला. "मॅडम, इथं छापील रकाने हाईत. क्षमता : वीस हजार लिटर, ते लिहिलं. पुढं 'साठ्याचा प्रकार' असं हाय. काय लिहू? पाणी?"

"पानी कुठलं?" आत्या म्हणाली. "पानी तर खाली आलं की हिरीत, त्ये बघ. सकाळी परत जातंय. वर साठवून ठिवलंय ते काय हाय, त्ये लिही."

सोमलिंगनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी वस्तीकडं बघितलं. "ती म्हणते ते लिहा."

सोमलिंगनं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचून दाखवलं : "क्षमता, वीस हजार लिटर. साठ्याचा प्रकार, वीज." मग स्वतःच थबकला. "वीस हजार लिटर वीज," तो पुटपुटला, आणि त्याच्या उपासाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा दात बघितले.

आण्णासाहेब गाडीत बसता बसता थांबले. "श्रावस्ती, आमच्या मळ्यातबी उंचावर टाकी हाय. तिथं जमंल का गं हे?"

"जमंल की, आण्णा," मी म्हणाले. "पण एकट्याला न्हाय चालत ही. एकतीस घरं लागतात."

गाडी धूळ उडवत गेली.

त्या संध्याकाळी कुणी घरात बसलं नाही. सगळी वस्ती अंगणात, आणि प्रत्येकाचं लक्ष आपापल्या बल्बवर. पोरं विहारात पंख्याखाली थंडीत कुडकुडत बसली होती, पण पंखा बंद करू देईनात. आबाराव दाराच्या चौकटीत बसले होते, खटक्यावर एक बोट ठेवून, कुणी बंद करायला आलं तर हात तोडीन अशा थाटात.

तीन तासांनी टाकी रिती व्हायला लागली. खांबावरची लाईट जाते तेव्हा कानफटात बसल्यासारखी जाते. ही तशी गेली नाही. सगळ्या घरांतले दिवे एकाच वेळी हळूहळू पिवळे झाले, मग लाल, मग निखाऱ्यासारखे, आणि मग विझले. पंख्याचं शेवटचं पातं भिंतीकडं तोंड करून थांबलं.

"लाईट गेली," असं कुणीही म्हणालं नाही.

आत्या चुलीतल्या राखेत हात शेकत होती. "गेली कुठं? हिरीत हाय," ती म्हणाली. "सकाळी ऊन आलं की न्यायची वर."

आबारावांनी खटका बंद केला नाही.